तू बस, मी करते

मागच्या महिन्यात या पानावर मी स्तनाच्या कॅन्सरबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की गाठ हाताला लागली तर लेप लावत बसू नका, दुखत नाही म्हणून थांबू नका, सरळ बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉत, जाऊन दाखवा. त्यावर जी पत्रं आली त्यात गाठीबद्दल फारसं काही नव्हतंच. ऑपरेशन झालं, केमो झाली, रिपोर्ट चांगले आले, आणि त्यानंतर घरात, शाळेत, गाण्यानाचाच्या मांडावर काय झालं ते होतं. मी सिस्टर म्हणून २८ वर्षं वॉर्डात काढलीत आणि मला माहितेय की डिस्चार्ज पेपरवर यातलं काही लिहिलेलं नसतं. म्हणून या वेळचं सगळं पान याच पत्रांना देतेय. नावं काढलीत, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई, माझं वय ४६, फोंड्याजवळ राहते. गेल्या वर्षी उजवा स्तन काढला, मग केमो, मग रेडिएशन, जूनमध्ये सगळं संपलं. आता फक्त गोळी आणि चेकअप. घरचे खूप चांगले आहेत हे आधीच सांगते, तक्रार नाहीये. सासूबाई ७२ वर्षांच्या, त्या मला विळीला हात लावू देत नाहीत, जाऊबाई येऊन दुपारचं करून जातात, मुलगा स्वतःचा डबा स्वतः भरतो. मी काही उचललं की सगळीकडून एकच, "तू बस, मी करते". चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना मी म्हटलं नारळ सुपाऱ्या तरी काढून देते, तर ते पण नको, खुर्ची दिली आणि बसवलं. केस अजून मुलासारखे बारीक आहेत, आबोलीचा वळेसर माळणार कुठे, म्हणून देवळात जायचं पण सोडलंय. आरशात बघत नाही. सगळे एवढं करतात आणि मला मात्र रोज संध्याकाळी वाटतं की आपण आता काही कामाच्या राहिलो नाही. हा कृतघ्नपणा आहे का?
एक वाचक, फोंडा

कृतघ्नपणा अजिबात नाही गं. हेच मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय आणि प्रत्येकीला वाटत असतं की असं फक्त आपल्यालाच होतंय.

एक गोष्ट सांगते. स्वतःबद्दल माणसाला किती आदर वाटतो हे बघायला एक प्रश्नावली जगभर वापरतात, मॉरिस रोझेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली दिलेली, फक्त १० वाक्यं. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांच्या अभ्यासात पण बऱ्याचदा हीच असते. मला वाटलेलं त्यात रूप, शरीर, आपण कसे दिसतो असलं काहीतरी विचारलेलं असेल. एक पण वाक्य नाही तसलं. आहे काय, तर इतरांसारखं काम मला जमतं का, माझ्यात काही चांगले गुण आहेत असं वाटतं का, आणि कधी कधी आपण अगदी निरुपयोगी आहोत असं वाटतं का. तुझं शेवटचं वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून बघ. स्तन गेला, केस गेले, त्याचं दुःख खरं आहे आणि मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण रोज संध्याकाळी जे आतून पोखरतं ते मला वाटतं हे आहे, की तुझ्या हातातली कामं गेली. थोडी आजाराने नेली आणि उरलेली घरच्यांनी मायेने काढून घेतली.

मला वॉर्डातली एक बाई आठवते, बाजारात फुलं विकणारी. ऑपरेशन होऊन चौथा दिवस, कुशीत जखमेतलं पाणी काढायची ड्रेनची नळी, तिची बाटली तिने जुन्या ब्लाऊजच्या कापडाची पिशवी करून गळ्यात अडकवलेली. वॉर्डात फुलं आणायला बंदी. तर तिने बहिणीकडून नुसता केळीच्या सोपाचा दोरा मागवला, भिजवून आणलेला, आणि बेडवर बसून रिकाम्या दोऱ्याला गाठी मारत बसायची. फूल नाहीच मध्ये, नुसती गाठ, पुढे सरकायचं, परत गाठ. मी विचारलं हे काय, तर म्हणाली सिस्टर बोटं विसरतील ना. तेव्हा मी हसून पुढे गेले, मला दुसऱ्या बेडचं सलाईन बदलायचं होतं. त्याचा अर्थ मला खूप वर्षांनी कळला.

तर आता तू असं कर, घरात एक काम मागून घे, आणि मदत म्हणून नाही, पूर्ण तुझं म्हणून. जसं की दुपारची सोलकढी. कोकम भिजत घालण्यापासून वाढण्यापर्यंत तुझी, आणि कुणी येऊन ढवळायचं नाही. नारळाचा रस मुठीत पिळणं हा हाताला तसा चांगला व्यायाम आहे, रबरी बॉल दाबायला देतात तसाच. खोबरं खवताना मात्र खांद्याचा जोर लागतो, ते फिजिओला विचारून सुरू कर. भरलेली कळशी, सिलिंडर, ओल्या कपड्यांची बादली उजव्या हाताने नको. भाजणं कापणं सांभाळ, कारण काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज यायची आणि इन्फेक्शन व्हायची भीती कायम राहते. हात जड वाटला, बांगडी घट्ट झाली, लाल झाला, ताप आला तर त्याच दिवशी दाखव, पुढच्या चेकअपची वाट बघू नको.

सासूबाईंशी बोल, पण सगळ्यांसमोर नको. त्या घाबरल्यात गं. ७२ व्या वर्षी सून जाते की काय म्हणून बाईने वर्षभर देव पाण्यात ठेवले असतील, तुला बसवून ठेवलं की त्यांना वाटतं तू सुखरूप आहेस. त्यांना सांग की आई, तुम्ही केलंत म्हणून मी उठले, आता मला उठल्यासारखं राहू दे. आणि एक काम त्यांच्याकडून शिकायला माग, लोणचं म्हण, सांडगे म्हण, शेजारी बसून दोघींनी करायचं. त्यात तुला बसवणारं कुणी नसेल.

केसांचं म्हणशील तर ते महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात आणि पहिले आलेले बऱ्याच जणींचे कुरळे असतात, पुढे बदलतात. तोवर वळेसर बारीक हेअरबँडला बांधून लाव, स्कार्फला पिनने लाव. देवळात जायला केसांची लांबी कुणी विचारत नाही. आणि आरशाचं, घाई नको. आधी आंघोळीला हाताने ओळख करून घे, साबणाचा हात त्या जागेवरून जाऊ दे, टाका कुठे सुरू होतो कुठे संपतो ते बोटांना कळू दे, डोळ्यांनी बघायचं नंतर आपोआप होईल. ब्राच्या आत घालायला सिलिकॉनचा पॅड मिळतो, एका बाजूचं वजन गेल्यामुळे खांदा पाठ दुखते त्याला पण त्याने आराम पडतो. तो महाग वाटला तर लोकरीसारखे सुती धाग्याने विणलेले हलके पॅड पण असतात, असे पॅड विणून मोफत देणारे स्वयंसेवी गट आपल्या देशात आहेत, तुझ्या ओपीडीतल्या सिस्टरना विचार. ओळखीच्या शिंपिणीकडून ब्लाऊजला आतून खिसा शिवून घे, पाच मिनिटांचं काम आहे, आणि खिसा असला की पदर सावरत बसावं लागत नाही.

एवढं करून पण दोन आठवडे सलग झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, जगायला नको असं वाटतंय, तर ती आता कामाची गोष्ट राहिली नाही, त्याला उपचार लागतो. गोमेकॉच्या जवळच आयपीएचबी हे मनाच्या आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, त्या इमारतीचं नाव घेतलं की लोक अजून कुजबुजतात, कुजबुजू देत. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारचा टेली मानस नंबर १४४१६, फुकट आहे, रात्री पण लागतो.

नमस्कार. म्हापशाला माझं छोटं दुकान आहे, वय ५१. बायकोच्या ऑपरेशनला ५ महिने झाले. ती कपडे बदलताना दाराला कडी लावते, २४ वर्षांच्या संसारात कधी लावली नव्हती. रात्री पाठ करून झोपते. मी एकदा म्हटलं, मला काही फरक पडत नाही, तर ती रडायला लागली आणि दोन दिवस बोलली नाही. माझं काय चुकलं? मला असलं बोलता येत नाही, घरी आलो की टीव्ही लावतो.
एक नवरा, म्हापसा

तुम्ही पत्र लिहिलंत याचं मला खूप बरं वाटलं, या पानावर नवऱ्यांची पत्रं फार कमी येतात.

तुमचा हेतू चांगला होता. पण तिच्या बाजूने ते वाक्य ऐका. तिच्या शरीराचा एक भाग गेला, त्याचा तिला रोज फरक पडतो, ब्रा घालताना पडतो, कुशीवर वळताना पडतो, आणि तुम्ही म्हणता फरक पडत नाही. तिला वाटलं असेल की ज्यासाठी मी रडतेय ते याला दिसतच नाही. किंवा उलट, याला आता माझ्यात काही राहिलंच नाही म्हणून फरक पडत नाही. दोन्ही अर्थ निघतात. त्यापेक्षा जे खरं आहे ते मोडकंतोडकं बोला, "मला पण वाईट वाटतं, तुला किती दुखत असेल ते मला कळत नाही, पण तू कडी लावलीस की मला बाहेर उभं असल्यासारखं वाटतं." एवढं पुरे. एकदम समोरासमोर जमणार नाही, तर गाडी चालवताना बोला, दोघांचे डोळे रस्त्यावर असले की बोलणं सोपं जातं.

आजारी माणसाच्या घरात असं फार होतं की तो तिला त्रास नको म्हणून गप्प, ती त्याला त्रास नको म्हणून गप्प, दोघंही एकमेकांना सांभाळतायत आणि घरात फक्त टीव्ही बोलतोय. हे प्रेम नाही असं मी म्हणणार नाही, प्रेमच आहे, पण समोरच्याला ते पोचतच नाही.

कडी तिला काढायची तेव्हा काढू दे. बघायचा हट्ट धरू नका आणि बघायचं टाळता असं पण दाखवू नका. स्पर्श मात्र थांबवू नका. पाय दाबा, पाठीला तेल लावा, बसमध्ये हात धरा, आणि प्रत्येक स्पर्श पुढे कुठेतरी जायला हवा असं नाही हे तिला कळू दे. तिला रोजची हार्मोनची गोळी चालू असेल, टॅमॉक्सिफेन किंवा त्यासारखी, ती बऱ्याचदा ५ वर्षं, काहींना १० वर्षं पण घ्यावी लागते, त्याने अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते, खाली कोरडेपणा येतो आणि इच्छा कमी होते. पाठ करून झोपण्यामागे हे पण असू शकतं. याला उपाय आहेत, साधं पाण्याचं जेल मिळतं, पण हार्मोन असलेलं कुठलंच क्रीम मनाने आणू नका, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. डॉक्टर स्वतःहून हा विषय काढत नाहीत, लाजतात पेशंटपेक्षा जास्त, तुम्ही काढा.

आणि दुकानात रोज दहा माणसं विचारतात "वहिनी कशा आहेत", तुम्ही कसे आहात हे कुणी विचारतं का हो? एक तरी मित्र असा धरा ज्याच्याकडे जाऊन तुम्हाला रडता येईल.

ताई, मी ३९ वर्षांची, शाळेत शिक्षिका, लग्न झालेलं नाही, घरी मी आणि ७८ वर्षांचे बाबा. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. एका नातेवाईक बाई तोंडावर म्हणाल्या, बरं झालं लग्न नाही झालं, नाहीतर नवऱ्याचं काय झालं असतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे, माझ्या मागे आहे कोण?
एक शिक्षिका, मडगाव

त्या बाईंचं वाक्य क्रूर आहे, आणि आपल्याकडे असली वाक्यं सहज बोलली जातात. उत्तर द्यायला तुझ्याकडे ताकद नसेल तर देऊ नको, पण ते खरं धरू नको.

आधार मोजायची पण एक प्रश्नावली आहे, १९८८ सालची, १२ वाक्यांची. चार घरच्यांबद्दल, चार मित्रमैत्रिणींबद्दल, आणि चार अशा एका माणसाबद्दल जो गरजेला जवळ असतो, ज्याच्याशी सुखदुःख बोलता येतं. तो माणूस कोण हे लिहिलेलं नाही, नवरा हा शब्द त्यात कुठेच नाही. तुझ्याकडे तो माणूस कोण आहे ते बघ. स्टाफरूममध्ये शेजारी बसणारी असेल, कॉलेजची मैत्रीण असेल, खालच्या मजल्यावरची काकी असेल.

आणि सगळं एकीवर टाकू नको, वाटून दे. एक कागद घे आणि लिही, ऑपरेशनच्या दिवशी बाहेर थांबणार कोण, फाईल आणि रिपोर्ट सांभाळणार कोण, बाबांना सकाळची पेज आणि बीपीची गोळी देणार कोण, आणि केमोच्या दिवशी घरी आणून सोडणार कोण. लोकांना "काही लागलं तर सांग" म्हणायची सवय असते आणि आपल्याला न सांगायची. तू नेमकं काम सांग, तारीख वेळ घालून. त्यांना पण सुटल्यासारखं वाटतं, खरंच. पैशांची बाजू म्हणजे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड, तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचं कव्हर आहे, तुमचं रिन्यू केलेलं आहे का ते आजच बघ, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कार्डासाठी धावणारी माणसं मी खूप बघितलीत.

अजून एक. ज्या वाटेने जायचंय त्या वाटेने गेलेली एखादी बाई गाठ. न्यूयॉर्कला तेरेसे लासर नावाची बाई होती, १९५२ मध्ये तिचा स्तन काढला आणि कपडे काय घालायचे, हात कधी वर करायचा, नवऱ्याशी मुलांशी काय बोलायचं, हे सांगणारं तिला कुणी भेटेना. मग ती स्वतःच दुसऱ्या बायकांच्या खाटेपाशी जाऊन बसायला लागली. त्यातून रीच टू रिकव्हरी हे काम सुरू झालं आणि पुढे जगभर पसरलं. आपल्याकडे फार मोठी सोय नसली तरी तुझ्या ओपीडीच्या सिस्टरला किंवा सोशल वर्करला विचार, की माझ्यासारखंच ऑपरेशन होऊन दोनेक वर्षं झालेली, बोलायला तयार असलेली कुणी आहे का. बहुतेक वेळा असते, तिला कुणी विचारलेलं नसतं एवढंच. अशा गटांबद्दल खरं काय ते पण सांगते. १९८९ मध्ये एक अभ्यास आला होता की आजार पसरलेल्या बायका अशा गटात बसल्या तर जास्त जगतात, तेव्हा फार आशा लागली होती. २००१ मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर करून बघितलं तर आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पण ज्या खूप खचलेल्या होत्या त्यांचं मन हलकं झालं आणि दुखणं कमी जाणवलं. मला विचारशील तर तेवढ्यासाठी पण जावं.

शाळेत काय सांगायचं ते तूच ठरव. सगळ्यांना सगळं सांगायला तू बांधील नाहीस.

माझी मैत्रीण डिचोलीलाच राहते, तिची केमो चालू आहे. मी तिला रोज सकाळी पॉझिटिव्ह मेसेज पाठवते, स्ट्रॉंग राहा, फायटर आहेस वगैरे. ती आधी अंगठा पाठवायची, आता तो पण नाही. मी काय करू?
एक मैत्रीण, डिचोली

मेसेज थांबवा आणि जाऊन भेटा. जायच्या आधी फोन करा.

तुमची माया मला दिसतेय, पण केमोच्या तिसऱ्या दिवशी तोंडात धातूची चव असते, पाण्याचा पण वास येतो, आणि साधारण दोन तीन आठवड्यांनी उशीवर केसांचे पुंजके येतात. तेव्हा "स्ट्रॉंग राहा" वाचलं की वाटतं, मी रडले म्हणजे नापास झाले. आणि मन खंबीर ठेवलं की कॅन्सर बरा होतो असं जे बोलतात ते तर तिच्यावर अन्याय करणारं आहे. आजार वाढला तर काय तिने नीट विचार केला नाही म्हणून वाढला? तिला औषध डॉक्टर देतायत, हसतमुख राहायची जबाबदारी तिच्यावर घालू नका.

तुमचं काम वेगळं आहे आणि ते लहान नाही. अमेरिकेत नर्सेसचा एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे, त्यातल्या ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या २,८३५ बायकांची माहिती २००६ मध्ये छापून आली. ज्या आजाराआधीपासूनच एकट्या पडलेल्या होत्या, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण माणसांत असलेल्या बायकांपेक्षा ६६ टक्के जास्त होतं. अभ्यास करणाऱ्यांना वाटलं की जवळची माणसं जी प्रत्यक्ष काळजी घेतात ती मिळाली नाही, हे त्यामागचं एक कारण असावं. म्हणजे कुणीतरी हॉस्पिटलला नेणं, कुणीतरी रांधून घालणं. हे मी एवढ्यासाठी सांगतेय की तुम्ही स्वतःला बघे समजू नका.

तेव्हा "मंगळवारी ११ ला येते, पेज घेऊन येऊ की नुसती येऊ?" असं विचारा. डबा असा न्या जो परत द्यावा लागणार नाही. निस्तं नेताना विचारा, काहींना केमोत मासळीचा वास अजिबात सहन होत नाही, आणि जिला आवडायचं तिला तर ते सांगायला जास्त वाईट वाटतं. रेडिएशन सुरू झालं की तीन ते पाच आठवडे, आठवड्यातले पाच दिवस बांबोळीला फेऱ्या असतात, कदंबाच्या बसमध्ये शेजारी बसायला दोन दिवस तुम्ही जा. खोकला सर्दी असेल तर जाऊ नका, तिची प्रतिकारशक्ती खाली असते. आणि तिथे गेल्यावर आजाराचंच बोलायला पाहिजे असं नाही, वाड्यावर कुणाचं काय चाललंय ते सांगा, तिच्याकडून एखादा सल्ला मागा, मुलीच्या लग्नाला साडी कुठली घेऊ म्हणून विचारा, आणि ती सांगेल ती खरंच घ्या.

ताई, मी सत्तरी तालुक्यातली, वय ३५. मार्चमध्ये डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, हात अजून कानाच्या वर जात नाही. पौषात आमच्या मांडावर धालो, म्हणजे बायकांची रात्रीची गाणी आणि नाच, असतात, लग्न होऊन आल्यापासून एक वर्ष चुकवलं नाही. यंदा वाड्यावरची एक वहिनी म्हणाली, या वर्षी राहू दे, मांड पवित्र असतो, पोरीबाळी असतात. मी जाऊ की नको?
एक वाचक, सत्तरी

जा गं बाय. जा.

कॅन्सर शिवून पसरत नाही, एका ताटात जेवून पसरत नाही, हाताला हात लावून पसरत नाही. त्यात पाप नाही, विटाळ नाही, नजर नाही. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा सगळ्यात जास्त आढळणारा, २०२२ या एका वर्षात जवळजवळ १ लाख ९२ हजार नवीन बायकांना झाल्याचा अंदाज आहे, एवढ्या सगळ्यांना मांडावरून घालवणार का? मांड सगळ्या वाड्याच्या बायकांचा आहे. त्या वहिनीशी तू भांडत बसू नको, तुझ्या मांडावर जी सगळ्यात वयस्क बाई पहिली ओवी उचलते ना, तिच्याकडे जा, तिला खरं काय ते सांग आणि तिलाच बोलू दे.

हाताचं म्हणशील तर धालोंना हात डोक्यावर न्यावा लागत नाही, शेजारणीच्या पाठीमागून गुंफायचा आणि वाकायचं, ते जमेल. फुगडी मात्र यंदा नको, तिच्यात खांद्याला हिसका बसतो. रांगेत उभी राहताना डाव्या बाजूला अशी बाई घे जी तुला ओढणार नाही, बहीण नाहीतर जाऊ, आणि तिला आधीच सांगून ठेव. दमलीस तर कडेला बसून गा, तोंडाला काही झालेलं नाही.

आणि फिजिओकडे जाऊन ये आधी. तो बहुतेक भिंतीचा व्यायाम देईल. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताची बोटं भिंतीवर टेकवायची आणि कोळी चढतो तशी हळूहळू वर न्यायची, ताण जाणवेल तिथपर्यंत, जिथे दुखतं तिथे थांबायचं, मग तशीच खाली. पौषाला अजून अडीच महिने आहेत. आज बोटं जिथपर्यंत पोचली तिथे पेन्सिलने बारीक रेघ मार आणि शेजारी तारीख लिही, आणि घरच्यांना सांग की दिवाळीचा रंग काढताना ती भिंत तेवढी सोडा.